टॅरो शिकताना आधी कोणती कार्डं?

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे: टॅरोची, म्हणजे चित्रं बघून अर्थ लावायच्या पत्त्यांची, ७८ कार्डं शिकायची कोणत्या क्रमानं? बहुतेकांच्या हातात रायडर-वेट डेक (कार्डांचा संच) आहे. तो १९०९ साली लंडनमध्ये निघाला. मांडणी ए. ई. वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. म्हणून उत्तरंही त्याच डेकला धरून दिली आहेत. इतर डेकांबद्दल शेवटी थोडं आहे.

प्रश्न: मी शून्य क्रमांकाच्या ‘द फूल’पासून ओळीनं शिकायला बसते. हर्मिटपर्यंत पोचते तोवर मागचं पुसलेलं असतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते आणि पुन्हा तिथेच अडकते. स्मरणशक्ती कमी पडते आहे का?

स्मरणशक्ती ठीक आहे, क्रम बदला. ० ते २१ हा क्रम पुस्तकात कार्ड शोधायला सोयीचा आहे, पण नवशिक्याला तो जड जातो. मेजर आर्कानातलं, म्हणजे ० ते २१ या २२ कार्डांतलं, प्रत्येक कार्ड स्वतंत्र आहे. हायरोफंट पक्का पाठ झाला, तरी पुढचं लव्हर्स त्यामुळे सोपं होत नाही. म्हणजे २२ वेळा कोरी पाटी.

बाकीची ५६ कार्डं म्हणजे मायनर आर्काना. त्यातल्या एस (एक्का) ते दहा या ४० कार्डांचं तसं नाही. चार सूट (पत्त्यांतल्या रंगांसारखे गट) आणि दहा आकडे, अशा १४ गोष्टी कळल्या की चाळीसही कार्डांचा ढोबळ अंदाज बांधता येतो. म्हणून आधी डेकचे तीन गठ्ठे करा: मेजरची २२, आकड्यांची ४० आणि कोर्ट कार्डं (पेज, नाइट, क्वीन, किंग) १६. पहिला आणि तिसरा गठ्ठा डब्यात परत ठेवून द्या.

सूट अशा धरा. वाँड्स म्हणजे अग्नी: उत्साह, धडपड. कप्स म्हणजे पाणी: भावना, नाती. स्वोर्ड्स म्हणजे वायू: विचार, बोलणं, वाद. पेंटॅकल्स म्हणजे पृथ्वी: पैसा, शरीर, रोजचं काम. आकड्यांसाठी एक चालेल असा तक्ता: एस सुरुवात, दोन जोडी किंवा निवड, तीन वाढ, चार स्थैर्य, पाच संघर्ष, सहा सावरणं, सात कसोटी, आठ हालचाल, नऊ पूर्णतेच्या जवळ, दहा टोक. वेगवेगळ्या पुस्तकांत यात थोडाफार फरक आढळेल. एकच तक्ता निवडा आणि चाळीस कार्डं होईपर्यंत त्याला हात लावू नका.

आता एकेका आकड्याची चारही कार्डं शेजारी-शेजारी मांडा. पाचांचंच बघा. फाइव्ह ऑफ वाँड्समध्ये पाच तरुण काठ्या घेऊन भिडलेत, पण कोणालाच इजा झालेली दिसत नाही. भांडण आहे की सराव, हे चित्र सांगत नाही. फाइव्ह ऑफ कप्समध्ये काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतोय आणि त्याच्या पाठीमागे दोन पेले उभे आहेत. फाइव्ह ऑफ स्वोर्ड्समध्ये एक जण तीन तलवारी घेऊन मागे बघतोय, दोन जमिनीवर आहेत आणि बाकीचे दोघं पाठ फिरवून निघालेत. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्समध्ये दोन फाटके लोक बर्फातून उजळलेल्या खिडकीखालून जाताहेत. संघर्ष एकच, पण ऊर्मीतला, मनातला, बोलण्यातला आणि पोटापाण्याचा असा चार ठिकाणचा. ही चार एकदा एकत्र पाहिली की एकातून दुसरं आपोआप आठवतं.

एका आकड्याला दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी पुस्तक मिटलेलं असू द्या. प्रत्येक कार्डाकडे पाच मिनिटं बघून तीन गोष्टी लिहा: कोण आहे, काय करतंय, कुठे बघतंय. मग पुस्तक उघडा आणि त्यातली एकच ओळ खाली जोडा. दुसऱ्या दिवशी कार्डं पालथी ठेवून चारही चित्रं आठवून लिहा आणि मगच ताडून बघा. बहुतेकांची गाडी अडते ती पुस्तक आधी उघडल्यामुळे. मग डोळे चित्रावर असतात आणि डोक्यात छापील यादी फिरत असते.

एक सावधगिरी. तक्ता सगळीकडे लागू पडत नाही. तीन म्हणजे वाढ म्हणावं, तर थ्री ऑफ स्वोर्ड्समध्ये पावसात तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय आहे. अशा वेळी ओढूनताणून अर्थ जुळवू नका, चित्राचं ऐका.

प्रश्न: आकड्यांऐवजी एकेक सूट घेतली तर? आधी सगळे वाँड्स, मग सगळे कप्स?

दुसऱ्या फेरीत जरूर घ्या. पहिल्याच फेरीत घेतली तर एका सूटची दहा कार्डं एकाच सुरात ऐकू येतात आणि एकमेकांत मिसळतात. स्वोर्ड्समध्ये हे हमखास होतं. आठ, नऊ, दहा, तिन्हींपुढे ‘दुःख’ एवढंच लिहिलेल्या वह्या पुष्कळ सापडतील. प्रत्यक्षात आठमधली बाई बांधलेली आहे, डोळ्यांवर पट्टी आहे, पण पाय मोकळे आहेत. नऊमधली व्यक्ती रात्री अंथरुणात उठून तोंड झाकून बसली आहे आणि तलवारी मागच्या भिंतीवर आहेत, अंगाला एकही लागलेली नाही. दहामधला माणूस आडवा पडलाय, दहाही तलवारी पाठीत आहेत आणि क्षितिजावर पिवळा उजेड आहे. अडकणं, काळजी आणि शेवट. आकड्यांची फेरी आधी झाली असेल तर हा फरक चटकन दिसतो.

प्रश्न: मग मेजर आर्कानाची पाळी कधी?

चाळीस झाल्यावर. तेव्हाही एका रांगेत नको. फूल बाजूला ठेवा आणि उरलेली २१ कार्डं सात-सातच्या तीन ओळींत लावा: १ ते ७, ८ ते १४, १५ ते २१. आधी आडवं वाचा, मग उभं. उभ्या रांगेत तीन-तीन कार्डं येतात. मॅजिशियनखाली स्ट्रेंग्थ आणि त्याखाली डेव्हिल येतो, म्हणजे इच्छेची, संयमाची आणि आसक्तीची ताकद एका रांगेत. सगळ्याच रांगा इतक्या छान जुळत नाहीत. न जुळणाऱ्या सोडून द्या.

त्यानंतर सारख्या दिसणाऱ्या जोड्या काढा. लव्हर्स आणि डेव्हिल शेजारी ठेवा. दोन्हींत नग्न स्त्री-पुरुष आणि वर पंखवाली आकृती. लव्हर्समध्ये देवदूत, डेव्हिलमध्ये सैतान. डेव्हिलमधल्या दोघांच्या गळ्यात साखळ्या आहेत, पण इतक्या सैल की डोक्यावरून काढता येतील. डेव्हिलच्या १५ चे अंक मिळवले तर ६ येतात आणि लव्हर्सचा क्रमांक तोच. अशीच दुसरी जोडी डेथ आणि मून: दोन्हींत मागे दोन मनोरे आहेत.

प्रश्न: रोज एक कार्ड काढून अभ्यास करतो. तीन महिने होत आले, तरी काही कार्डं एकदाही आली नाहीत. पिसण्यात चूक होते आहे का?

नाही, हा साधा गणिताचा भाग आहे. काढलेलं कार्ड रोज गठ्ठ्यात परत टाकत असाल, तर ७८ दिवसांत सरासरी ५० च्या आसपासच वेगवेगळी कार्डं समोर येतात. उरलेली अठ्ठावीसएक कार्डं दिसतच नाहीत, त्याऐवजी काही दोन-तीनदा येतात. अशा पद्धतीनं सगळीच्या सगळी दिसायला सरासरी ३८५ दिवस लागतात, म्हणजे वर्षापेक्षा जास्त.

उपाय सोपा आहे. काढलेलं कार्ड परत टाकू नका, वेगळ्या डब्यात जाऊ द्या. ७८ दिवसांत डेक पूर्ण होतो. दर सातव्या दिवशी नवीन कार्ड न काढता डब्यातली सगळी चाळा, ज्याचं एक वाक्यही सुचत नाही ते परत गठ्ठ्यात टाका. त्यामुळे थोडे दिवस वाढतील, पण कच्ची कार्डंच पुन्हा पुढे येतील. रोजचं कार्ड हा उजळणीचा मार्ग म्हणून उत्तम आहे. पहिली ओळख मात्र गटानंच करून घ्या.

प्रश्न: पेज, नाइट, क्वीन, किंग यांचा कायम गोंधळ होतो.

सगळ्यांचाच होतो, म्हणून ती शेवटी ठेवायची. सूटप्रमाणे न घेता पदाप्रमाणे घ्या आणि सुरुवात नाइट्सपासून करा, कारण तिथे चित्रकर्तीनं काम सोपं करून ठेवलंय. माणसाकडे बघूच नका, घोडा बघा. वाँड्सचा घोडा पुढचे पाय उचलून उसळलाय, कप्सचा संथ चालतोय, स्वोर्ड्सचा भरधाव सुटलाय आणि पेंटॅकल्सचा जागच्या जागी उभा आहे. चार स्वभाव तिथेच कळतात. मग चार पेज, चार क्वीन, चार किंग. सोळाही झाले की एकच प्रसंग घ्या, उदाहरणार्थ ठरलेली भेट ऐनवेळी रद्द होणं, आणि प्रत्येक जण काय म्हणेल ते एका वाक्यात लिहा. दोघांची वाक्यं सारखी आली, तर तेवढीच जोडी पुन्हा अभ्यासा.

पदांना तत्त्वं जोडताना जपून. किंगला काही पद्धतींत अग्नी देतात, काहींत वायू, नाइटचंही तसंच. दोन पुस्तकं एकदम उघडली की इथे घोळ ठरलेला.

प्रश्न: उलट्या कार्डांचे अर्थ सोबतच शिकावेत का?

नको. चित्र खालचं वर होऊन आलेल्या कार्डाचा अर्थ वेगळा धरला, तर ७८ चे १५६ होतात. सरळ अर्थ न अडखळता येईपर्यंत डेक पिसताना सगळी कार्डं एकाच दिशेला ठेवा.

प्रश्न: माझ्याकडे मार्से डेक आहे, बहिणीकडे थॉथ. हाच क्रम चालेल?

मार्सेत आकड्यांच्या कार्डांवर प्रसंगच नाहीत, नुसते पेले, तलवारी, काठ्या, नाणी. त्यामुळे सूट आणि आकड्याचा तक्ता तिथे जास्तच लागतो. फक्त चित्र बघण्याच्या पाच मिनिटांत आकृत्यांची मांडणी बघा. जस्टिस तिथे ८ वर आणि स्ट्रेंग्थ ११ वर आहे, रायडर-वेटमध्ये नेमकं उलट. तीन ओळींची मांडणी करताना याकडे लक्ष द्या, नाहीतर रांगा चुकतील.

थॉथमध्ये दोन ते दहा या आकड्यांच्या कार्डांखाली एकेका शब्दाचं नाव छापलेलं आहे. अभ्यासाच्या वेळी ते कागदाच्या पट्टीनं झाकून घ्या. तिथली कोर्ट कार्डं नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस अशी आहेत, तेव्हा वरची घोड्यांची युक्ती तिथे जशीच्या तशी चालणार नाही. आणि दोघी बहिणी एकत्र बसत असाल, तर वह्या वेगळ्याच ठेवा.