भिंतीला पाठ टेकून खांदे मोकळे करा

प्रश्न : वय ४८, दिवसभर कॉम्प्युटरवर काम. माळ्यावरचा डबा काढताना खांदे अडकल्यासारखे वाटतात, पण दुखत नाहीत. व्यायामाची सवय नाही. बसून, साधनांशिवाय करता येईल असं काही सांगाल का? सासूबाईंचाही (वय ६७, मधुमेह) एक खांदा आखडलाय. त्यांना तोच व्यायाम चालेल का?

उत्तर : तुमच्यासाठी भिंतीला टेकून हात वर सरकवण्याचा व्यायाम योग्य आहे. हात पूर्ण वर जातो तेव्हा सुमारे १८० अंशांपैकी १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० पाठीवरचा फरा (खांद्यामागचं चपटं हाड) फिरल्यामुळे. पोक काढून बसणाऱ्याचा फरा पुढे कललेला राहतो, म्हणून नुसते हात गोल फिरवून फारसा फरक पडत नाही. पाठ सरळ ठेवून हात वर न्यायला शिकावं लागतं.

चार बोटं उंचीची गोधडीची घडी भिंतीलगत ठेवा आणि तिच्यावर मांडी घालून बसा. गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर घडी आणखी जाड करा, नाहीतर कंबर मागे गोल होते. माकडहाड आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला हवा. डोकं टेकत नसेल तर मागे टॉवेलची घडी ठेवा. हनुवटी वर उचलून डोकं टेकवू नका.

कोपर खांद्यापेक्षा किंचित खाली, काटकोनात, तळवे समोर. श्वास सोडत हात भिंतीलगत वर सरकवा, ३ सेकंद थांबा, ४-५ सेकंदांत खाली आणा. असे ८ वेळा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा ८. आठवड्यातून ५ दिवस पुरे.

मनगटं भिंतीला लागत नाहीत? बहुतेकांची सुरुवातीला लागत नाहीत. ती जबरदस्तीने टेकवायला गेलं की कंबरेची कमान होते आणि खालच्या फासळ्या पुढे येतात. हात वर गेल्यासारखा दिसतो, पण वाकलेली असते ती कंबर. हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. फासळ्या उचलल्या गेल्या की तिथेच थांबायचं, तीच तुमची आजची हद्द. श्वास सोडत हात वर न्यायचा तो याचसाठी, त्याने फासळ्या खाली राहतात. दुसरी चूक म्हणजे खांदे कानाशी आवळणं. वर जाताना ते थोडे उचलले जाणारच, ते दाबून धरू नका, फक्त मान ताठ होऊ देऊ नका. बोटं पोचतात तिथे भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. रोज मोजू नका.

फारच अवघड वाटलं तर आधी १०-१२ दिवस जेवणाच्या टेबलासमोर खुर्चीत बसून, तळव्यांखाली नॅपकिन ठेवून, हात पुढे सरकवत छाती खाली न्या. ताण बगलेत आणि पाठीच्या वरच्या भागात जाणवला पाहिजे. खांद्याच्या टोकावर टोचलं तर तेवढं अंतर कमी करा.

सासूबाईंना मात्र हा व्यायाम अजून देऊ नका. त्यांना कोपर कुशीला टेकवून, काटकोनात वाकवून, हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. तुम्ही हळूच मदत करूनही तो दुसऱ्या हातापेक्षा बराच कमी वळत असेल, किंवा त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर 'फ्रोझन शोल्डर'ची, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडल्याची शंका घ्यावी लागते. मधुमेहात तो जास्त आढळतो. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. साखरेचे ताजे रिपोर्ट सोबत न्या.