तापाची गोळी देताना

पावसाळ्यात औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहणार आहेस, तर एक गोष्ट पक्की कर. ‘ताप आलाय, अंग ठणकतंय, काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याला पॅरासिटामॉलच दे. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असतात, या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. कॉम्बिफ्लाम लोक नावाने मागतात, त्यात पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन असतं. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. मुलांना तर व्हायरल तापात ती अजिबात नको, राय सिंड्रोमचा (मेंदू आणि लिव्हरला इजा करणाऱ्या दुर्मीळ आजाराचा) धोका असतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याला मात्र ती परस्पर बंद करायला सांगू नकोस, डॉक्टरांकडे पाठव.

घरात आधी काय घेतलंय, हे विचारल्याशिवाय पाकीट हातात देऊ नकोस. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल सगळं एकच औषध, पॅरासिटामॉल, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिग्रॅ, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही. दारू पिणारा किंवा लिव्हरचा पेशंट असेल तर त्याहून कमी, तेही डॉक्टरांना विचारून.

बाळाच्या बाबतीत बाटली फिरवून लेबल वाच. ड्रॉप्समध्ये १ मिलीला १०० मिग्रॅ, साध्या सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा २५०. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर डोस कितीतरी पट होतो. वजन विचार, माप आईला बोटाने दाखव.

ताप उतरल्यावर पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय असं कुणी सांगितलं, तर गोळी विकू नकोस. थेट दवाखान्यात पाठव.