गावातल्या सॉफ्टवेअर कंपनीने परिषदांत स्टॉल लावावा का?

आपण विचारले आहे की, यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी चालणाऱ्या लहान वेब सॉफ्टवेअर कंपनीने औद्योगिक परिषदा आणि प्रदर्शनांत स्टॉल घेणे परवडते का, आणि घेतलाच तर तिथे काय दाखवावे. आमची कंपनी हिंगणघाटची. जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यांसाठी ब्राउझरमध्ये चालणारी काटापावती (वजनाची पावती) आणि चुकाऱ्यांची प्रणाली आम्ही बनवतो आणि ती घेऊन नागपूरच्या ॲग्रोव्हिजन या कृषी प्रदर्शनापासून पुण्या-बंगळुरूच्या वेब विकासकांच्या परिषदांपर्यंत फिरलो आहोत. माझे मत असे की स्टॉल परवडतो, पण आपले सॉफ्टवेअर चालू असताना जितक्या उत्साहाने दाखवता, तितक्याच उत्साहाने ते मध्येच बंद पाडून दाखवायची तयारी असेल तरच.

याचे कारण समोरचा माणूस आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग लागलेली असते आणि अशा वेळी काटा थांबला तर काय गोंधळ होतो, हे त्याने दरवर्षी पाहिलेले असते. एका प्रदर्शनात एक वयस्क दिवाणजी आमचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून म्हणाले, "ते समदं ठीक हाय भाऊ, पण लाईन गेली, नेट गेलं अन् गेटवर बंड्या उभ्या हायेत, त मंग हे काय करते?" आम्ही तिथेच राउटरची वायर काढली आणि लॅपटॉप बॅटरीवर घेतला. त्यांनी हातातली माहितीपत्रकांनी भरलेली पिशवी काट्यावर ठेवली, वजन पडद्यावर आले आणि पावती निघाली. वायर परत लावल्यावर तीच पावती शेजारच्या, मालकाच्या म्हणून ठेवलेल्या संगणकावर उमटली. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, "दोन काटे असले अन् दोन्हीवर एकच नंबर पडला त?" हा प्रश्न माझ्या मते त्या दिवशीच्या सर्व व्याख्यानांपेक्षा अधिक तांत्रिक होता. त्याचे उत्तर असे की प्रत्येक काट्याची क्रमांकमालिका वेगळी ठेवलेली असते आणि त्याशिवाय प्रत्येक पावतीला ब्राउझरच एक अद्वितीय ओळख देतो, त्यामुळे डळमळत्या नेटवर्कवरून एकच पावती दोनदा पोहोचली तरी सर्व्हर ती एकदाच नोंदवतो. हे त्यांना दोन्ही लॅपटॉपवर करून दाखवले तेव्हाच त्यांनी मालकाचा फोन नंबर दिला.

आता हे वेबवर जमते कसे, तेही थोडक्यात सांगतो, कारण स्टॉलवर हे विचारणारेही भेटतात. इंटरनेट नसताना पान उघडण्याचे काम सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये पडद्याआड चालणारा छोटा प्रोग्राम, करतो आणि पावत्या तोवर ब्राउझरच्याच इंडेक्स्ड-डीबी या साठवणीत राहतात. वजनकाट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजनाचे आकडे दाखवणारी पेटी, आरएस-232 या जुन्या सिरीयल जोडणीने वजन पाठवतो. पूर्वी ते ब्राउझरपर्यंत आणायला जावा ॲप्लेट, म्हणजे पानात चालणारा जोड-प्रोग्राम, वापरत, पण क्रोमने 2015 मध्ये तो मार्ग बंद केल्यावर प्रत्येक कारखान्यात वेगळे छोटे सॉफ्टवेअर बसवावे लागे. 2021 मध्ये क्रोमच्या 89 व्या आवृत्तीत वेब सिरीयल ही सोय आली, तेव्हापासून वापरकर्त्याने एकदा बटण दाबून पोर्ट निवडला की पानालाच वजन वाचता येते. म्हणून आम्ही कारखान्यातल्यासारखाच इंडिकेटर असलेला लहान प्लॅटफॉर्म काटा प्रत्येक ठिकाणी सोबत नेतो. गाडीत तो सगळ्यांत जास्त जागा अडवतो, पण त्याच्याइतकी गर्दी कोणताही मोठा टीव्ही खेचत नाही.

पावतीचेही तसेच आहे. स्वस्त थर्मल प्रिंटरला देवनागरीतली जोडाक्षरे कळत नाहीत, त्यामुळे मजकूर अक्षरे म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठवावा लागतो. हे कोणालाही समजावून सांगण्याची गरज नसते. पाहुण्याचे नाव विचारून पावती छापून दिली की तो वजनाच्या आधी स्वतःचे नाव तपासतो. एखाद्या त्र्यंबकरावांचे नाव नीट छापले गेले की पुढचे बोलणे सोपे होते.

एक प्रश्न मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी येतो आणि विचारणाऱ्यानुसार त्याचा अर्थ बदलतो, तो म्हणजे "वजन हाताने बदलता येते का?" शेतकरी तो धास्तीने विचारतो, आणि काही मालक तोच प्रश्न निराळ्या आशेने, आवाज जरा खाली आणून विचारतात. दोघांनाही उत्तर एकच द्यावे. काट्यावरून आलेले वजन बदलता येत नाही. ओलाव्याची कटती, म्हणजे ओल्या कापसाच्या वजनातून होणारी वजावट, वेगळ्या रकान्यात, कारणासह दिसते. एखादे गिऱ्हाईक यामुळे निघून जाते, पण शेजारी उभे असलेले दोघे थांबतात. शिवाय काटा हा वैधमापन कायद्याखालचा, पडताळणी होऊन मुद्रांकित झालेला असतो. त्याच्या पुढच्या टप्प्यावर आपण पळवाट ठेवली, तर त्या मुद्रेला अर्थ काय उरणार?

विकासकांच्या परिषदांत आमचे प्रात्यक्षिक तेच असते, प्रश्न मात्र दुसऱ्या टोकाकडून येतात. तिथे कोणाला कटती माहीत नसते, पण वायर काढल्याबरोबर पहिल्या रांगेतून विचारणा होते की जागा कमी पडल्यावर ब्राउझरने साठवलेल्या पावत्याच पुसून टाकल्या तर काय. शंका रास्त आहे: कायमस्वरूपी साठवणुकीची परवानगी पानाने मागितली नाही तर ब्राउझर ती जागा मोकळी करू शकतो, आणि सफारी तर 2020 पासून, वापरकर्ता साइटवर न फिरकता ब्राउझर सात दिवस वापरला गेला, की तिची साठवण पुसून टाकतो. या परिषदांतून आम्हाला ग्राहक मिळालेला नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. पण आमच्या सॉफ्टवेअरमधल्या कच्च्या जागा तिथे फुकटात दाखवून दिल्या जातात, आणि विदर्भातून पुण्याला गेलेली, परत यायला उत्सुक असलेली मुले तिथेच भेटतात. शासकीय परिषदांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिथे सर्ट-इन या केंद्राच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने सूचिबद्ध केलेल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी झाली आहे का, एवढेच आधी विचारतात, ते प्रमाणपत्र नसेल तर स्टॉलचे पैसे वाचवावेत.

सभागृहाच्या वायफायवर विसंबू नका. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच मिळतात आणि तिथे प्रत्येक स्टॉलवाला स्वतःचा हॉटस्पॉट चालू करून बसलेला असतो. ही अडचण वेबइतकीच जुनी आहे. 1991 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ येथील हायपरटेक्स्ट परिषदेने वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांचा वेबवरचा निबंध स्वीकारला नाही, केवळ प्रात्यक्षिकाला जागा दिली. आणि तिथेही मोडेम आणि टेलिफोनची जुळवाजुळव करूनच त्यांना वेब दाखवावे लागले. आपण सर्व्हर स्टॉलवरच एका लॅपटॉपवर चालवावा आणि दोन्ही यंत्रे वायरने जोडावीत. यात एक खोच आहे, ती घरीच सोडवून जावी: त्याच लॅपटॉपवर लोकलहोस्टने, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्याने, पान उघडले तर ब्राउझर ते सुरक्षित मानतो, पण दुसऱ्या यंत्रावरून 192.168 ने सुरू होणाऱ्या स्थानिक पत्त्यावर उघडले की एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, नसल्यामुळे सर्व्हिस वर्करही चालत नाही आणि काटाही जोडला जात नाही. आपल्याच डोमेनचे खरे प्रमाणपत्र लॅपटॉपवर ठेवून राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) ते नाव स्थानिक पत्त्याकडे वळवले, की काम होते.

खर्चाचे म्हणाल तर भाड्यावर जीएसटी लागतो, तो नोंदणीकृत कंपनीला वजा करून घेता येतो. तसेच उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरावीक प्रदर्शनांतील स्टॉलच्या भाड्याचा मोठा भाग परत देण्याची केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाची योजना आहे. त्यासाठी अर्ज प्रदर्शनाआधीच करावा लागतो, म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात वेळेवर चौकशी करावी. पेन, कॅलेंडर आणि पिशव्या यांवर पैसे घालवू नयेत. पिशव्या जमवत फिरणाऱ्यांचा एक वर्गच असतो आणि तो शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून त्या मिळवतोच. आपल्याला त्या पिशव्या काट्यावर ठेवायला मिळाल्या म्हणजे पुरे.

वेळेचा विचार मात्र खर्चापेक्षा जास्त करावा. आपल्याकडची मोठी कृषी प्रदर्शने साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात भरतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे प्रदर्शनही डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या, म्हणजे 27 डिसेंबरच्या आसपास असते. नेमका तोच जिनिंगचा भर हंगाम असल्यामुळे मालक स्वतः येत नाहीत. मुलाला किंवा दिवाणजींना पाठवतात. म्हणून तिथे सौदा होण्याची वाट पाहू नये. आलेल्या माणसाच्या प्रश्नाची नोंद त्याच्याच शब्दांत करून ठेवावी आणि मार्चनंतर, आवक ओसरून मालक निवांत झाल्यावर, त्याच प्रश्नाचे उत्तर घेऊन त्याच्या कारखान्यात जावे व त्याच्याच काट्याला जोडून दाखवावे. आमचे बहुतेक ग्राहक एप्रिल-मेच्या उन्हात असेच मिळाले आहेत.

आपले सॉफ्टवेअर कोणत्या धंद्यासाठी आहे हे आपण लिहिलेले नाही. संत्रा, सोयाबीन किंवा दूध असेल तर हंगामाचे आणि म्हणून परिषदांचेही गणित वेगळे पडेल; ते कळवल्यास कोणत्या महिन्यात कुठे जावे याबद्दल अधिक नेमके लिहिता येईल.