ताईच्या पगारावर भावाची फी?

नमस्कार ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलाला कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मिळालंय, वर्षाची फी १ लाख २० हजार, आणि घरात ठरतंय की पुण्यात २८ हजारांवर नोकरी करणाऱ्या मोठ्या मुलीने पर्सनल लोन काढायचं. मामा एक लाख द्यायला तयार आहेत, नाहीतर एकरभर जमीन विकायची म्हणताय.

मुलीच्या नावावर पर्सनल लोन अजिबात नको. हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो, व्याज जास्त, आणि उद्या तिला घरासाठी कर्ज हवं असेल तेव्हा बँक हेच आधी बघणार. तिची नोकरी आत्ता कुठे सुरू झालीय हो.

तुमचं उत्पन्न सगळं धरून ८ लाखांच्या आत आहे ना, मग आधी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा, निम्मी ट्यूशन फी सुटते, डेव्हलपमेंट फी मात्र तुम्हालाच भरावी लागेल आणि फॉर्म दरवर्षी रिन्यू करायचा, बरेच जण दुसऱ्या वर्षी विसरतात.

म्हणजे निम्मी ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी मिळून उरले वर्षाला साधारण ६५ हजार, चार वर्षांचे २ लाख ६० हजार. एवढ्यासाठी एज्युकेशन लोन मुलाच्याच नावावर काढा, वडील सहकर्जदार. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यामुळे जमिनीला हात लावू नका. हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात आणि ते मुलाने फेडायचे, हे त्याला आत्ताच स्पष्ट सांगा.

मुलीला भावासाठी मदत करायचीच असेल तर तो शिकत असतानाचं व्याज तिने भरावं. १० टक्के दर धरला तर पहिल्या वर्षी महिन्याला ५५० रुपये, शेवटच्या वर्षी २२००च्या आसपास, हे तिला झेपेल. पण तिला विचारून, ती नाही म्हणाली तर तुम्ही दोघांनी भरा.

मामांचे पैसे हॉस्टेल डिपॉझिट, मेस आणि लॅपटॉपला वापरा, फक्त ते उसने आहेत की भाच्याला दिलेत हे आधीच बोलून घ्या, नंतर लग्नकार्यात हा विषय निघाला की नाती दुखावतात.

शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो आणि ॲडमिशनच्या दिवसांत सेतू केंद्रात (दाखल्यांचे अर्ज घेतात तिथे) गर्दी असते, तेव्हा तो अर्ज याच आठवड्यात टाका.