तीन भाषांत एकदम जाहिरात: भाषांतराआधी काय ठरवावं

प्रश्न असा आहे की इंग्रजी वेबसाइट जर्मन, स्पॅनिश आणि अरबीत भाषांतर करून घेतली आणि त्याच जाहिराती तिन्हीकडे चालवल्या, तर भागेल का. नाही भागणार. आधी एकच भाषा घ्या, आणि तीही अशी की तिच्यात आलेल्या तक्रारीला तुमच्याकडचं कोणीतरी दुसऱ्या दिवसापर्यंत नीट उत्तर देऊ शकेल. जाहिरात जर्मनमध्ये आणि उत्तर इंग्रजीत, हे गिऱ्हाइकाला फसवल्यासारखंच वाटतं.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते कीवर्डचं, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते त्यांचं, भाषांतर केल्याने. शब्दकोशातला शब्द आणि लोक शोधताना टाइप करतात तो शब्द, यांत फरक असतो. मोबाइलला जर्मन माणूस रोजच्या बोलण्यात ‘हँडी’ म्हणतो. संगणकाला स्पेनमध्ये ‘ऑर्देनादोर’, मेक्सिकोत ‘कोम्पुतादोरा’. म्हणजे ‘स्पॅनिश’ अशी एक बाजारपेठ नसतेच. देश ठरवा, मग भाषा. कीवर्डची यादी त्या देशातल्या माणसाकडून कोरी लिहून घ्या, तुमची इंग्रजी यादी त्याला दाखवूसुद्धा नका.

मथळेही नव्याने लिहावे लागतात. गूगलच्या सर्च जाहिरातीत मथळ्याला 30 अक्षरं मिळतात. जर्मन मजकूर इंग्रजीपेक्षा सहसा लांबतो, त्यामुळे शब्दशः भाषांतर तिथे मावत नाही आणि घाईत कापलं की अर्थ जातो.

जर्मनमध्ये ‘डू’ की ‘झी’, म्हणजे आपलं तू की तुम्ही, हे पहिल्याच दिवशी ठरवून शब्दसूचीत लिहून ठेवा. जाहिरातीत तू आणि बिलाच्या ईमेलमध्ये तुम्ही असलं की दोन वेगळ्या कंपन्या बोलतायत असं वाटतं. आकडेही तपासा: जर्मनीत 1.234 म्हणजे एक हजार दोनशे चौतीस. तारखेत महिना अक्षरांत लिहिला की 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हा घोळच राहत नाही.

अरबी शेवटी ठेवा, कारण तिथे पानाची मांडणीच उलटते. मजकूर उजवीकडून सुरू होतो, पण फोन नंबर डावीकडूनच वाचला जातो. वाचक उजवीकडचं चित्र आधी बघतो, त्यामुळे ‘आधी-नंतर’ची चित्रजोडी तशीच ठेवली तर तुमच्या उत्पादनाने बिघाड केला असा अर्थ निघतो. सौदीत साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, आणि रमजान दर वर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो. त्यामुळे गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी विक्रीची तुलना करू नका.

मजकूर तपासणाऱ्याला ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका, तो हो म्हणून मोकळा होईल. ‘हे कोण विकतंय, कुणाला, आणि तुम्ही घ्याल का?’ असं विचारा. भाषांतर झालेला मजकूर परत इंग्रजीत आणून पाहण्यात फार अर्थ नाही. त्यात चुकीचा अर्थ सापडतो, पण खटकणारा सूर सापडत नाही.

जाहिरात आधी छोट्या बजेटवर दोन-तीन आठवडे चालवा. क्लिक येतायत पण ऑर्डर नाहीत, असं दिसलं तर मजकुराला हात लावण्याआधी पैसे भरायचं पान बघा. जर्मनीत पुष्कळांना माल हातात आल्यावर बिल भरायची सवय आहे. फक्त कार्ड ठेवलंत तर ते तिथूनच परत जातात.