लॉक आधी की ह्यूम?

प्रश्न : इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा मानवी आकलनावरचा ग्रंथ दोनदा हाती घेतला, पहिल्याच भागात अडकलो. काय चुकतंय? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : चुकतोय तो क्रम. लॉकच्या ग्रंथाच्या (1689) चार भागांपैकी पहिला जन्मजात कल्पनांच्या, म्हणजे काही कल्पना माणूस जन्मतःच घेऊन येतो या मताच्या, खंडनात जातो. तो वाद आज परका वाटतो. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या मानवी आकलनावरच्याच 1748च्या छोट्या ग्रंथापासून सुरुवात करा. प्रकरणं 2 ते 5, मग 7. चौथं दोनदा वाचा, सगळं मर्म तिथंच आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागणार, हे आपण ठामपणे सांगतो. पण यंदाही तसंच होईल याला आधार काय? आजवरचा अनुभव म्हणाल, तर पुढचं मागच्यासारखंच असेल हे आधीच गृहीत धरलंत. इथं बरेच वाचक घसरतात: ह्यूम कार्यकारणभाव नाकारतो, असं समजतात. तो नाकारत नाही. त्या विश्वासाचं मूळ तर्कात नसून सवयीत आहे, असं दाखवतो.

मग लॉकचा दुसरा भाग, प्रकरण 8. तेच पाणी एका हाताला गार, दुसऱ्याला गरम कसं लागतं, हे तिथं आहे. एक हात गार, दुसरा गरम पाण्यात बुडवून मग दोन्ही कोमट पाण्यात घालून पाहाच. जर्मन तत्त्वज्ञ कांट त्यानंतर.