गिरणगावातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर सुरुवात संपापासून करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा लोअर परळच्या गिरणीत होते, ते आता नाहीत, पण त्यांच्या बरोबरीची चार-दोन माणसं अजून आहेत. त्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करून ठेवायच्या, तर प्रश्नावली कशी काढावी आणि कॅमेरा कोणता घ्यावा? कॅमेऱ्याचं नंतर सांगते. मी लालबाग, परळ, डिलाइल रोड या पट्ट्यात हेच काम करते आणि माझं ठाम मत आहे की प्रश्नावलीत संप पहिला आला तर मुलाखत तिथेच अडकते.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप, अडीच लाख कामगार, संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पेपरवाले, कॉलेजची मुलं, डॉक्युमेंटरीवाले येऊन हेच विचारून गेलेत. त्यामुळे उत्तरही तयार असतं. ‘डॉक्टरांनी फार ताणलं’, नाहीतर ‘मालकांना गिरणी नकोच होती, जमीन हवी होती’. दोन्ही मतं मोलाची आहेत, पण ती जुन्या वर्तमानपत्रांतही सापडतील. सापडत नाही तो त्या माणसाचा रोजचा दिवस. पहिल्या पाळीला घरातून किती वाजता निघायचा, एका खोलीत पाळीपाळीने किती जण झोपायचे, खानावळवाल्या बाईचा हिशेब पगाराच्या दिवशी कसा चुकता व्हायचा, कापसाचे तंतू नाकातोंडात जायचे त्यावर काय उपाय करायचे.

म्हणून पहिला प्रश्न हा ठेवा: ‘तुम्ही कुठल्या खात्यात होता?’ साचे खातं (मागावर कापड विणायचं), त्रासन (सूत कातायचं), वाइंडिंग (सूत गुंडाळायचं), ब्लो रूम (कापूस पिंजून साफ करायचा). खातं कळलं की पगार, मान, छातीचे आजार, कोणी चिकटवलं, हे सगळं आपोआप निघायला लागतं. मग हाताच्या कामावर या. साच्यावर काम केलेल्या एका आजोबांना मी विचारलं, धोट्यात (मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा) धागा कसा ओवायचे? ते बोलायचे थांबले, मूठ ओठांपाशी नेली आणि श्वास जोरात आत ओढून दाखवला. जुन्या धोट्याला बारीक भोक असायचं आणि आतल्या कांडीवर गुंडाळलेल्या धाग्याचं टोक त्यातून तोंडाने ओढून काढावं लागायचं. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागायचा. नेमकं हेच कारण पुढे करून दलित कामगारांना साचे खात्यात घेत नसत, आणि साचे खात्यात पगार जास्त होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. आजोबा त्यानंतर कितीतरी वर्षांनी कामाला लागले, पण त्यांच्या वडिलांच्या वेळची ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. तिथून बोलणं पिण्याच्या पाण्याच्या माठापर्यंत आणि दुपारी डबा खायला कोण कोणाशेजारी बसायचं इथपर्यंत गेलं. ‘गिरणीत जातिभेद होता का?’ असं थेट विचारलं की ‘छे छे, गिरणीत आम्ही सगळे एक’ एवढ्यावर विषय मिटतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

असे प्रश्न सुचायला आधी वाचावं लागतं. बदली कामगार म्हणजे कायमच्या माणसाचा खाडा पडला तरच ज्याला काम मिळायचं, बाकी दिवस गेटवरून परत, हे तुम्हाला आधीच माहीत हवं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला मान्यता, म्हणजे मालकांशी बोलणी करायचा हक्क, मिळायची आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती, हेही. नाहीतर बोनसच्या भांडणात लोक सामंतांकडे का गेले हे कळणार नाही. ‘आमचा संप अजून मागे घेतलेला नाही, बाळा’ असं एखादे काका म्हणाले तर हसू नका. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही.

तारखांवरून कोणाला अडवू नका. साल विचारण्यापेक्षा ‘तेव्हा मुलगी कितवीत होती?’, ‘गणपतीच्या आधी की नंतर?’, ‘इंदिराबाई गेल्या त्याच्या आधी?’ असं विचारलं की क्रम नीट लागतो. आणि चुकीची आठवणही खोडू नका. इटलीत तेर्नी नावाच्या पोलाद कारखान्यांच्या गावात १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे गावातले बरेच जण सांगायचे की तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात गेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इतिहासकाराने ही चूक खोडली नाही, तिचाच अभ्यास केला. गावाला त्या मरणाचा अर्थ नोकऱ्या गेल्या त्या दिवसांशी जोडावासा वाटत होता, हे त्यातून कळलं. गिरणगावातही असं ऐकायला मिळेल. खरी तारीख तुमच्या वहीत लिहा, रेकॉर्डिंगमध्ये त्यांचीच राहू द्या.

बायकांच्या मुलाखती वेगळ्या घ्या. हे मी आग्रहाने सांगतेय. आजोबा खुर्चीवर बसून बोलत असतात आणि आतून आवाज येतो, ‘अहो, तेव्हा घरात पगार कुठे होता, मी पापड लाटत होते.’ संपात घर कसं चाललं याचं उत्तर बहुतेक वेळा ओट्यापाशीच असतं. दागिने कधी मोडले, मुलांना गावी कोणाकडे पाठवलं, वाण्याने उधारी किती दिवस दिली. आजोबा समोर असले की त्या ‘काही नाही हो, चाललं’ म्हणून मोकळ्या होतात. आजोबा खाली कट्ट्यावर गेले की बसा त्यांच्याशी. काही जणी तर स्वतः वाइंडिंग खात्यात होत्या, पण त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

आता एक नाजूक गोष्ट. कागद-पेन घेऊन कोणी आलं की पहिला समज होतो, गिरणी कामगारांच्या घरांचं काहीतरी आलंय. म्हाडाच्या सोडतीची वाट बघत किती घरं बसलीत हे तुम्हाला माहीतच असेल. दारातच स्पष्ट सांगा की घराच्या फॉर्मशी तुमचा काही संबंध नाही, हे फक्त आठवणींसाठी आहे. संमतीपत्र मराठीत आणि एका पानाचं असू द्या, वाचून दाखवा, आणि सही मुलाखत झाल्यावर घ्या, कारण आपण काय बोलून गेलो हे माणसाला तेव्हाच कळतं. नाव द्यायचं की नाही, इंटरनेटवर टाकायचं की नाही, काही भाग काही वर्षं बंद ठेवायचा का, हे प्रत्येक वेगळं विचारा. संपात कोण आधी कामावर परत गेलं ही गोष्ट अजून ठसठसते. ज्याचं नाव घेतलं जातं त्याची नातवंडं त्याच मजल्यावर राहत असतात.

कॅमेऱ्यासाठी खर्च करू नका. फोन पुरतो, पण कॉलरला लावायचा साधा माइक घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि रेकॉर्डिंग वेव्ह (WAV, यात आवाज न दाबता साठतो) फॉरमॅटमध्ये करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतो. सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं बोला. वेळ सकाळी ११ च्या सुमाराची बरी, पाणी भरून, पूजा आटोपून माणसं निवांत असतात आणि कुकरच्या शिट्ट्याही झालेल्या असतात. पंखा बंद करायला सांगताना संकोच करू नका. मध्ये मध्ये ‘हो ना, हो ना’ करू नका, मान हलवा. ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा. पीएफची स्लिप, गेटपास, युनियनची पावती काढून दाखवली तर तिथेच फोटो काढा, मूळ कागद घरी नेऊ नका. तासाभराने उठा. दुसऱ्या दिवशी परत गेलात की ‘काल एक सांगायचं राहिलं’ म्हणून जे येतं ते पहिल्या दिवसापेक्षा नेहमी जास्त असतं.

लिहून काढायला एका तासाला सहा-आठ तास लागतात, त्यामुळे आधी कुठल्या मिनिटाला काय आहे याची यादी करा. मालवणी असेल तर मालवणीच लिहा, साताऱ्याकडची बोली असेल तर तीच. फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी, आणि एक पेनड्राइव्ह त्या कुटुंबाला नेऊन द्या.

तुमच्या यादीत जे सगळ्यात थकलेले असतील त्यांच्याकडे आधी जा. आणि आजोबांच्या ओळखीतलं कोणी डोंबिवली-विरारला किंवा गावी जाऊन राहिलंय का तेही याच लोकांना विचारा, नंबर त्यांच्या छोट्या डायरीत असतात.